कागद आला म्हणून

बार्शी लाईटची गाडी कुर्डुवाडीहून निघायची, बार्शी-येडशी करत लातूरकडे जायची आणि वाटेत कळंब रोडला थांबायची. ठेसनाचं नाव कळंब रोड, गाव मात्र कसबे तडवळे. 1941 च्या फेब्रुवारीत, 22 आणि 23 तारखेला, या गावात महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. त्यांची बैलगाडीतून मिरवणूक निघाली. मुक्काम गावातल्या शाळेत होता. आमचे आबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. आपल्या वडिलांचं बोट धरून ते रातोरात चालत तिथं पोचले होते.

तडवळं इंग्रजी मुलखातलं, आमचं तेरणेकाठचं गाव मोगलाईतलं. चहूबाजूंनी निजामाचं राज्य आणि मधेच बार्शी तालुक्याची गावं, अशी तेव्हाची हद्द होती. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कुणी हटकलं तर बाजाराला चाललोय म्हणायचं, असं पणजोबांनी पोराला बजावून ठेवलं होतं. परिषद वतनाबद्दल होती. गावकीची पडेल ती कामं, त्या बदल्यात मिळणारी भाकर आणि तुकडाभर जमीन, या जोखडाबद्दल. त्यातलं आबांना फारसं उमगलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट बसली, ती ते मरेपर्यंत सांगत राहिले : "आपला माणूस शाळेच्या आत मुक्कामाला होता. आत. आन् बाहीर गावातली मोठी मोठी माणसं थांबली होती."

घरी परतल्यावर पणजोबांनी पोराचं नाव शाळेत घातलं.

आमच्या गावची शाळा तेव्हा मारुतीच्या देवळात भरायची. खेडोपाडी हेच चालायचं. सरकारची इमारत नसायची, मग देवळाची ओवरी हाच वर्ग. देवळात शिरायची बंदी म्हणजे आपोआप शाळेत शिरायची बंदी. "तुला शिकवत नाही" असं कुणाला म्हणावंच लागायचं नाही. आबा पायऱ्यांच्या खाली, घरून नेलेल्या पोत्यावर बसायचे. आतला पाढा बाहेर ऐकू येईल तेवढाच पाठ व्हायचा. पाटी तपासायची म्हणजे ती खाली ठेवून मागं सरायचं, गुरुजी वाकून बघायचे आणि तिथूनच बोलायचे. चुकलं तर छडी हातानं मारायची नाही, लांबून फेकायची. पावसाळ्यात पायऱ्यांवर पाणी आलं की आबांची शाळा सुटली. ते चौथीपर्यंत शिकले. पुढं शिकायचं तर तालुक्याला जायला हवं होतं. तिथं उर्दू आणि राहायला जागा नाही.

आत्याआजीला तेवढंही मिळालं नाही. ती सरपणाच्या मोळीबरोबर देवळाजवळून जायची आणि भाऊ काय घोकतोय ते ऐकायची. वीसपर्यंतचे पाढे तिला तोंडपाठ होते, सही मात्र अंगठ्याची. ती म्हणायची, "माझ्यासाठी कोन सभा घेतली?" तिच्या या प्रश्नाला आबा कधी उत्तर देत नसत.

शाळेच्या पायरीवरून झालेला झगडा आमच्या गावापेक्षा फार जुना. 1856 साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. मुंबई सरकारनं कबूल केलं की न्याय मुलाच्या बाजूला आहे; पण याला घेतला तर बाकीचे सगळे शाळा सोडतील, म्हणून दार बंदच ठेवलं. पुढं विलायतेतल्या कंपनीच्या संचालकांनी कळवलं की सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळा सगळ्यांना खुल्या असल्या पाहिजेत. हुकूम निघाला आणि सत्तर वर्षं बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. बाबासाहेबांनी 1928 मध्ये सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात धारवाडचं हे प्रकरण मुद्दाम मांडलं. सातारच्या शाळेत ते स्वतः घरून नेलेल्या गोणपाटावर बसले होते. त्यांना हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

कोल्हापुरात मात्र हुकमाला धार होती. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. मला या दोन हुकमांचा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आधी प्रत्येक पोर शाळेत आलंच पाहिजे म्हणून सांगितलं, मग एकत्रच आलं पाहिजे म्हणून. वेगळी शाळा काढणं सोपं असतं. तीत देणाऱ्याचं पुण्य होतं आणि गावाचं काही बिघडत नाही.

मोगलाईत हे वारं पोचायला 1948 उजाडलं. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. त्याच सुमारास, फसली सन 1358 मध्ये, हैदराबाद संस्थानात हरिजनांवरची सामाजिक बंधनं उठवणारा कायदा झाला. मग 1950 ची घटना, आणि 1955 चा अस्पृश्यता गुन्हा कायदा : शाळेत प्रवेश नाकारला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या घरात या सगळ्या कायद्यांचं एकच नाव होतं, "कागद आला". कुठला कागद, कुणाच्या सहीचा, याच्याशी कुणाला देणं-घेणं नव्हतं.

त्या कागदाच्या अलीकडे आबा आणि पलीकडे त्यांचे धाकटे भाऊ, आमचे नाना. सात-आठ वर्षांचं अंतर. शाळा एव्हाना देवळातून चावडीत आली होती. नाना सांगायचे की पहिल्या वर्षी गावाबाहेरच्या आमच्या वाड्यातल्या पोरांना फक्त तपासणीच्या दिवशी आत बसवायचे. आदल्या दिवशी निरोप यायचा, उद्या आंघोळ करून या, साहेब येणार आहेत. साहेब यायचे, पट बघायचे, डोकी मोजायचे, शेरा लिहायचे. त्यांची सायकल वेशीबाहेर पडली की पोतं घेऊन पुन्हा बाहेर. असं दोन-तीनदा झालं. मग एका तपासणीनंतर पणजोबांनी नानांना सांगितलं, उठायचं नाही. साहेब गेले, गुरुजींनी खूण केली, नाना बसून राहिले. शेजारची दोन पोरंही बसून राहिली. गुरुजी बराच वेळ फळ्याकडं तोंड करून उभे होते आणि मग त्यांनी पुढचा धडा सुरू केला. मारलं नाही, ओरडले नाहीत. नानांना वाटायचं, गुरुजींनाही कुणीतरी असं बसून राहायला हवंच होतं.

ही गोष्ट मी दुसऱ्या बाजूनंही ऐकली आहे. त्याच वर्गात पाटलांच्या वाड्यातले बाप्पा होते. आता त्यांनी पंचाऐंशी ओलांडली आहे, कान अधू झालेत, आठवण मात्र लख्ख. मी विचारलं, तुमच्या घरी काय झालं? त्यांनी काही लपवलं नाही. "शाळेतनं आलं की आजी दारातच कपडे काढायला लावायची. अंगावर गोमूत्र शिंपडायची, मगच चुलीपाशी. भावकीतली चार माणसं वडिलांकडं आली, म्हनली, पोरगं काढून घ्या. वडील म्हनले, सरकारचा कागद हाय, आपलं काय चालतंय?" मग थोडं थांबून म्हणाले, "त्यांना मनातनं पटलं होतं का नाही, मला ठाव नाही. पन कागद होता म्हून भावकीत बोलायला तोंड होतं. नसता तर त्यांनी मला काढलंच असतं बघ."

बाप्पांचं हे बोलणं मी विसरू शकत नाही. कायद्यानं मनं बदलत नाहीत, हे वाक्य आपण सभासंमेलनांत किती सहज ऐकून घेतो. मन बदलायची वाट बघत आबा पायऱ्यांखाली बसले होते. त्यांच्या वाट्याला चौथी आली. नाना मिलिंद महाविद्यालयापर्यंत गेले. औरंगाबादला बाबासाहेबांनी 1950 मध्ये ते सुरू केलं होतं आणि मराठवाड्यातल्या आमच्यासारख्या घरांना पहिला पदवीधर तिथून मिळाला. दोघं भाऊ एकाच आईच्या पोटचे, एकाच डोक्याचे. गाव तेच आणि गावाचं मनही तेच होतं. कागद मन बदलत नसेल, पण ज्याचं मन कुंपणावर आहे त्याला चार लोकांत उभं राहायला जागा देतो. असे कुंपणावरचे लोक प्रत्येक गावात असतात आणि एरवी ते बहुसंख्येच्या मागं जातात.

पुढं जिल्हा परिषद आली. 1962 नंतर गाव आणि आमचा वाडा यांच्या मधल्या गायरानात दोन खोल्या उभ्या राहिल्या. दोन्हीकडून चालत जायचं अंतर सारखं. पाण्याचा रांजण मात्र कितीतरी वर्षं कटकटीचा राहिला. रांजणातलं पाणी कुणी काढायचं, हे वर्गातल्या कुठल्याही धड्यापेक्षा पोरं आधी शिकत होती.

मी शाळेत होतो तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. 1995 च्या पंधरा ऑगस्टला ही केंद्राची योजना सुरू झाली. हजेरी भरली की पिशवी घेऊन रांगेत उभं राहायचं आणि तांदूळ घरी न्यायचा. ज्याचं त्याच्या घरी शिजायचं. कुणाची काही तक्रार नव्हती. 28 नोव्हेंबर 2001 ला सुप्रीम कोर्टानं अन्नाच्या हक्काच्या खटल्यात हुकूम दिला की धान्य वाटून भागणार नाही, सरकारी शाळांत शिजवलेलं जेवणच द्या. आणि एप्रिल 2004 मध्ये त्याच खटल्यात सांगितलं की स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, आदिवासी बायांना प्राधान्य द्या. दिल्लीतल्या न्यायाधीशांना नेमकं ठाऊक होतं की शाळेतली शेवटची पायरी कुठं आहे.

आमच्या काकूला त्या कामावर घेतलं. पहिल्या दिवशी तिनं पातेलं राखेनं दोनदा घासलं, तीन दगडांच्या चुलीवर मटकी घालून खिचडी टाकली, वर लसणाची फोडणी. रांगेत पोरं बसली आणि जवळजवळ निम्म्या पोरांनी दप्तरातून डबे काढले. कुणी काही बोललं नाही. घरून तसं सांगून पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी काही पालक आले, बाई बदला म्हणाले. मुख्याध्यापक लिंगायत, निवृत्तीला टेकलेले, आवाज चढवणारा माणूस नव्हे. त्यांनी कपाटातून शासन निर्णय काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा कोर्टाचा हुकूम आहे. माझी नोकरी जाईल." बाप्पांच्या वडिलांचंच वाक्य, पन्नासेक वर्षांनंतर.

मग ते रोज पोरांच्या आधी ताट घेऊन बसू लागले. वाढण्यापूर्वी शिक्षकानं अन्न चाखून वहीत सही करायचा नियम पुढं सगळीकडं आला, पण आमच्या शाळेत तो तेव्हापासून आहे. काकू वाढायची, ते सगळ्यांसमोर पहिला घास घ्यायचे, मीठ कमी-जास्त सांगायचे. फोडणीचा वास वर्गात शिरायचा आणि डब्यातली भाकरी सकाळची असायची. डबे कमी होत गेले. कधी पूर्ण बंद झाले ते काकूलाही सांगता येत नाही. ती म्हणते, "एक दिस खिचडी कमी पडली, तवा कळलं."

ज्यांच्या पोरांचे डबे बंद झाले, त्यातल्या पुष्कळांनी पुढच्या काळात पोरंच काढून घेतली. खिचडीमुळे नव्हे, असं ते म्हणतात, इंग्रजीसाठी. ते खरंही असेल. सकाळी पिवळ्या गाड्या येतात आणि गावातली पोरं कळंबला, धाराशिवला इंग्रजी शाळांत जातात. मागं उरतात ती बौद्धवाड्यातली, मातंग वस्तीतली, पारध्यांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं. पटावर दिवाळीनंतर त्यातलीही निम्मी. अमेरिकेत बोस्टन शहरात 1974 मध्ये कोर्टानं काळ्या-गोऱ्या मुलांना बसमध्ये घालून एकमेकांच्या शाळांत पाठवलं. दगडफेक झाली आणि पुष्कळ गोऱ्या कुटुंबांनी सरकारी शाळाच सोडल्या. आमच्याकडे दगड कुणी मारला नाही. फक्त फी भरली.

उलट दिशेचा एक कागद आहे. शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळांतल्या सुरुवातीच्या वर्गात 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना दिल्या. सुप्रीम कोर्टानं 2012 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. तरी 9 फेब्रुवारी 2024 ला महाराष्ट्र सरकारनं अधिसूचना काढली की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ही सक्ती नाही. म्हणजे जिथं जिल्हा परिषदेची शाळा आहे तिथं गरिबानं तिथंच जावं. मला हे वाचताना संताप आला आणि तो अजून गेलेला नाही. ही देवळाचीच युक्ती होती : नाकारायचं नाही, फक्त जागा अशी ठरवायची की आत येणंच होऊ नये. मुंबई हायकोर्टानं मे महिन्यात तिला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 ला ती रद्द केली. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटला होता. काकूच्या नातीचा नंबर लागला. फी माफ, पण गाडीभाडं, गणवेश, वह्या यांचा हिशोब काकूच्या मानधनातून जातो.

हे सगळं मी बाप्पांना सांगितलं. त्यांचा पणतू पिवळ्या गाडीतून जातो. ते म्हणाले, "आमच्या पोरांनाबी इथं आना म्हनावं परत. माझं घरात कोन ऐकत नाही. पन कागद निघाला तर मी म्हनू शकतो, सरकार सांगतंय." मी सांगितलं, असा कागद निघाला होता. 2015 मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांना आणि लोकप्रतिनिधींना आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालायला लावा म्हणून हुकूम दिला होता.

"मग गेली का पोरं?"

नाही, म्हटलं.

"मग तपासणीला साहेब गेला नसंल," बाप्पा म्हणाले.