मोटारीचा डॅशबोर्ड : मोडणी आणि जुळणी

वर्ध्याहून नागपूरकडे जातांना धाम नदीच्या कांठीं पवनार लागतें. ७ मार्च १९३८ रोजीं विनोबा भावे प्रकृतीच्या कारणानें जमनालाल बजाज यांच्या येथील बंगल्यांत राहावयास आले, ते मोटारीनें. गाडी पुलावरून जात असतां आपण सर्व कामांचा मनोमन त्याग केला, असें त्यांनींच पुढें सांगितलें आहे. मोटारीची याच मुलखांतली दुसरी आठवण विनोदाची आहे. जमनालालजींच्या एका जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपीत, आणि लोक तिला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. ऑक्स म्हणजे बैल!

या विनोदांत डॅशबोर्डाचा सारा इतिहास दडलेला आहे. घोड्याच्या टापांनीं उडणारा चिखल हांकणाराच्या अंगावर येऊं नये म्हणून बग्गीला पुढें एक फळी लावीत, तोच मूळचा डॅशबोर्ड. घोडा गेला, इंजिन आलें. फळी मात्र राहिली. वर्ध्याच्या त्या बैलजोडीमागें ती जणूं आपल्या जुन्या कामावर परत रुजू झाली.

आरंभीं या फळीवर पाहण्याजोगें फारसें नव्हतें. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडींत पेट्रोल किती उरलें हें टांकींत काठी बुडवून पाहावें लागे. १९०२ सालीं जर्मनींत ऑटो शुल्झे यानें चुंबकीय वेगमापकाचें पेटंट घेतलें. त्यांत लवचीक तारेनें फिरणारा चुंबक धातूची वाटी आपल्याबरोबर ओढूं पाहतो, बारीक स्प्रिंग तिला अडविते, आणि त्या ओढाताणींतून कांटा हलतो. पुढें विजेचा प्रवाह दाखविणारा अँमीटर आणि तेलाचा दाब दाखविणारें घड्याळ आलें. १९२८ पासून मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्सच्या कारखान्यांत सुट्या भागांच्या पेट्यांतून गाड्या जुळविल्या जाऊं लागल्या. डॅशबोर्ड जुळविण्याची विद्या आपल्या कारागिरांना त्यामुळें नवी नाहीं.

जुनी गाडी पुन्हा उभी करतांना हेंच काम सर्वांत नाजूक ठरतें. प्रथम बॅटरीची जोडणी सोडावी. प्रत्येक तार काढण्यापूर्वीं तिला चिठ्ठी बांधावी. कापडी वेष्टणाच्या जुन्या तारांचे रंग उडून सगळ्या सारख्याच दिसूं लागतात. अँमीटरमधून गाडीचा बहुतेक सारा प्रवाह जातो, म्हणून त्याची जोडणी चुकली तर तारांचा जुडगाच जळावयाचा. तेलाच्या घड्याळास तांब्याची बारीक नळी असते. तिच्यांतून प्रत्यक्ष तेल येतें. ती मुरगळली कीं तडकते. म्हणून घड्याळें टेबलावरच तपासून घ्यावीं आणि मगच फळीवर बसवावीं.

सर्वांत मोठी फसगत नव्या रंगाची. फळी चकचकीत रंगविली, घड्याळें लावलीं, तरी कांटे निपचित! विजेच्या परतीचा मार्ग घड्याळाच्या धातूच्या अंगांतून फळींत व फळींतून गाडीच्या सांगाड्यांत जातो. रंगाचा थर तो अडवितो. जेथें धातूला धातू भिडावयाचा, तेथें रंग खरवडून काढल्यावांचून फळी बोलूं लागत नाहीं.

रंग आणखी एका अर्थानें फळीला मुकी करतो. झिजलेली किल्लीची जागा, बोटांनीं गुळगुळीत झालेलें बटण, मैलांचा आंकडा, हीं त्या गाडीचीं कागदपत्रें आहेत. तो आंकडा शून्यावर आणणें म्हणजे दप्तर जाळणें होय.

पवनारला याचा उत्तम दाखला आहे. विनोबांच्या शेतांत खणतांना कोरीव शिला निघाल्या. त्यांत भरत-रामभेटीची एक होती. वा. वि. मिराशी यांनीं पवनार म्हणजे वाकाटक नृपति दुसऱ्या प्रवरसेनाचें प्रवरपूर, असें प्रतिपादन करून या शिला रामकथेच्या क्रमानें वाचल्या. कांहींचा अर्थ नंतरच्या अभ्यासकांनीं निराळा लावला. हें पुनर्वाचन शक्य झालें, कारण शिलांवरची झीज कोणी नव्या छिन्नीनें मिटविली नव्हती.

मोटारीचें वय पंधराशें वर्षांचें नाहीं, पण न्याय तोच. जें चालत नाहीं तें चालतें करावें; जें केवळ जुनें दिसतें तें तसेंच राहूं द्यावें. आपल्यानंतर ती फळी उघडणाऱ्यालाहि तिच्यांत कांहीं वाचावयास मिळालें पाहिजे.