बिब्याचं झाड

आमच्या वरल्या वावराच्या धुऱ्यावर बिब्याचं एक झाड आहे. माझ्या आज्याच्या आधीपासूनचं. हिवाळ्यात त्याला फळ धरतं. वर काळं बी आन् खाली पिवळं-नारिंगी फूल. आम्ही पोरं ते फूल भाजून खायचो, काळ्याला हात लावायचो नाही. काहींना तर झाडाखालून गेलं तरी तोंड सुजतं. त्याला आमच्याकडं 'बिबा उतला' म्हणतात.

बिब्याशिवाय गावाचं चालत मात्र नव्हतं. परीट बिब्याच्या रसात चुना कालवून कपड्यावर खूण करायचा. कपडा फाटेपर्यंत ती काळी खूण जात नसे. साहेबलोकांनी त्याला खुणेचं फळ म्हटलं, शास्त्रातलं नावही त्याच अर्थाचं. उंबऱ्यावर लिंबू-मिरचीबरोबर बिबाच टांगायचा. लाडवात घालायची गोडंबी ती ह्याच्याच आतली. ती काढायला बिबे फोडणाऱ्या बायांचे हात पार काळे होतात, भाजतात. बाजारात गोडंबीचा भाव करताना ते हात कुणाला दिसत नाहीत. आन् कुणाचं काम बिघडवलं तर 'बिब्बा घातला' म्हणतो आपण. भाषेनं ह्याला बदनामच केलं.

औषध म्हणून बिबा आमच्या आजीच्या हातात होता. तिला अक्षरओळख नव्हती. थंडीत कुणाचा खोकला महिनाभर हटला नाही, की ती बिबा दाभणाला टोचायची आणि दिव्यावर धरायची. तेल चरचरत थेंब-थेंब दुधाच्या पेल्यात पडायचं. आधी मात्र पोराच्या ओठाला, जिभेला, टाळूला बोटानं तूप लावायची. "आग करतंय रे बाबा, तुपाच्या वाटनं जाऊ दे," म्हणायची. त्या दिवशी तिखट बंद, दूध-भात. उन्हाळ्यात कुणी मागायला आलं, तर ती सरळ परत लावायची. "आत्ता न्हाई. दिवाळी होऊ दे." मला ते म्हातारीचं हट्टीपण वाटायचं.

1991 साली वैशाखात माझी थोरली मुलगी खोकत होती. सहा वर्षांची. आजी जाऊन चार वर्षं झाली होती. मला वाटलं, त्यात काय, मी शंभरदा पाहिलंय. दाभण घेतलं, दिवा लावला, तीन थेंब दुधात पाडले. तूप लावायचं ध्यानातच राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचे ओठ आणि पापण्या सुजून डोळे मिटलेले. अंगावर फोड, लघवी तांबडी-काळी. बैलगाडीनं फाट्यापर्यंत आणि तिथून एसटीनं तालुक्याला नेली. डॉक्टरांनी विचारलं, काय दिलं होतं? मी खाली बघत सांगितलं. बायको काही बोलली नाही. तेच जास्त लागलं. आठ दिवसांनी घरी आणली. मानेवर काळपट डाग राहिले.

पुढं तालुक्याच्या एका वैद्यांकडं जाणं-येणं झालं. एकदा त्यांनी चरकसंहिता उघडून भल्लातकाचा भाग मराठीत सांगितला. भल्लातक म्हणजे आपला बिबा. संस्कृतात त्याला अरुष्करही म्हणतात, म्हणजे जखम करणारा. चरक सांगतो, पिकलेले बिबे ज्येष्ठ-आषाढात गोळा करून जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने ठेवावेत आणि मार्गशीर्ष-पौषात वापरावेत. घेताना तोंडाला आतून तूप लावावं. दहापासून सुरुवात, रोज एक वाढवत तीसपर्यंत, मग तसंच उतरत यायचं, आणि एकूण हजाराच्या वर जायचं नाही. ते पचल्यावर दूध-तूप-भात. बिबे आगीसारखे जाळणारे, पण रीतीनं वापरले तर अमृतासारखे.

मी ऐकत राहिलो. तूप, दूध-भात, थंडीचे महिने. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे सगळं आमच्या चुलीपाशी, आजीच्या बोटावर होतं. तिनं ते कुणाकडून ऐकलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. तिच्याकडून मी दाभण आणि दिवा एवढंच उचललं.

वैद्य स्वतः बिबे विटेच्या भुकटीत घोळून, चोळून शुद्ध करतात. विटेत तेल मुरतं. तेव्हाही त्यांच्या हाताला खोबरेल लावलेलं असतं. औषधाच्या सरकारी नियमांत विषारी द्रव्यांची ई-1 नावाची यादी आहे, तिच्यात भल्लातक आहे. पोटात घ्यायच्या अशा औषधाच्या बाटलीवर वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं, असं छापावं लागतं. पित्ताच्या माणसाला, लहान लेकराला, गरोदर बाईला ते देतच नाहीत. त्यांच्या दारी मीच एकदा खोकल्यासाठी गेलो, तर नाडी बघून म्हणाले, "तुम्हाला नाही चालायचं, पाटील. अडुळसा घ्या."

धाकटा भाऊ दोनदा म्हणाला, झाड तोडून टाकू. मी तोडू दिलं नाही. परवा मुलगी माहेरी आली होती, तिच्या पोराला घेऊन धुऱ्यावर गेली. लांबूनच झाड दाखवत होती. पोरगं पिवळं फूल मागत होतं. तिनं पदरानं धरून एक फळ तोडलं, बी विळ्यानं कापून लांब फेकलं आणि फूल भाजायला घरी आणलं. हात धुवायच्या आधी तिनं आईकडं खोबरेल मागितलं.