झाडू, चावी आणि पिवळी बस



ट्रकवरचा क्लीनर आपण सगळ्यांनीच पाहिलाय. काच पुसतो, चाकांवर पाणी मारतो, गाडी मागं घेताना 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत पत्र्यावर थापा मारतो. चार वर्षांनी तोच पोरगा स्टेअरिंगवर बसलेला दिसतो. गाडी धुता धुता गाडी शिकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या रीतीत बाई मात्र नव्हती. बाईच्या हाती झाडू होता, पण त्या झाडूवरून चावीपर्यंत वाट नव्हती. आज सांगणार आहे ती गोष्ट अशी वाट जिथं निघाली तिथली, म्हणजे अमेरिकेतल्या खेड्यांतल्या शाळांची.

शंभर वर्षांमागं त्या देशात एका खोलीच्या सुमारे २ लाख शाळा होत्या. एकच शिक्षिका. तिनंच शिकवायचं, तिनंच शेगडी पेटवायची आणि खोलीही बहुतेक तिनंच झाडायची. पुढं सरकारनं ठरवलं की छोट्या शाळा मिटवायच्या आणि चार-सहा गावांत मिळून एक मोठी शाळा करायची. कमी पटाच्या शाळांचं बोलणं आपल्याही कानावर आहे, तेव्हा यात आई-बापांचा जीव कसा खालीवर झाला असेल ते तुम्हाला सांगायला नको.

मोठ्या शाळेबरोबर दोन नवी कामं आली. इमारत मोठी आणि थंडी हाडं गोठवणारी, म्हणून पहाटे बॉयलर पेटवायला, फरशा पुसायला माणूस लागला. आणि लांबची मुलं आणायला गाडी लागली. आधी घोडागाडी, मग मोटार. ती कुणी चालवायची? कुठं शेतकरी, कुठं वरच्या वर्गातला मुलगा, कुठं मास्तर, आणि बऱ्याच ठिकाणी शाळा झाडणारा माणूसच.

याचं कारण साधं होतं. शाळेची बस चालवण्याचं काम सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास. तेवढ्या पगारावर घर चालत नाही. मधले तास झाडलोटीनं भरले की पुऱ्या दिवसाची नोकरी होते, दवाखान्याचा विमा मिळतो. शाळेलाही एका माणसात दोन कामं उरकतात. खरं सांगायचं तर सोय शाळेचीच जास्त होती. पण त्या सोयीपायी झाडू धरणाऱ्याच्या हातात चावी पडली, हेही खरं.

सुरुवातीला नियम फारसे नव्हतेच. काही गावांत मुलं गव्हाच्या गाड्यांतून शाळेला यायची. १ डिसेंबर १९३८ रोजी युटा राज्यात बर्फाच्या वादळात शाळेची बस रुळांवर आली आणि मालगाडीनं तिला उडवलं. वीसहून जास्त मुलं गेली. त्यानंतर रुळांपाशी बस थांबवायची, दार उघडायचं आणि कान देऊन ऐकायचं, हा नियम पक्का झाला. आजही तिथले बसवाले तसंच करतात. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९३९ मध्ये, फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी न्यूयॉर्कला सगळ्या राज्यांची माणसं बोलावली. भिंतीवर रंगांच्या पट्ट्या लावून, पहाटेच्या अंधुक उजेडातही दिसेल असा पिवळा निवडला. सिनेमात दिसते ती पिवळी बस तेव्हाची.

मग दुसरं महायुद्ध आलं. पुरुष लढाईवर गेले आणि बायका स्टेअरिंगवर बसल्या. युद्ध संपल्यावर पुष्कळ कामांतून बायकांना घरी पाठवलं, पण शाळेच्या बसवर त्या टिकल्या. पोरं शाळेत तेव्हा आई कामावर, पोरं घरी तेव्हा आई घरी. असं काम कोणती बाई सोडेल?

आता शिकणं कसं असतं ते सांगते. पूर्वी तिथल्या बऱ्याच राज्यांत साध्या मोटारीच्या लायसनवर मोठी गाडी चालायची. १९८६ च्या कायद्यानं ते बदललं, आणि एप्रिल १९९२ पासून हेवी गाडीला वेगळं लायसन लागू लागलं. शाळा झाडणारी बाई आता आधी पुस्तक घेऊन बसते. लेखी परीक्षा चार: सर्वसाधारण, एअर ब्रेकची, प्रवाशांची, शाळेच्या बसची. त्या झाल्या की शिकाऊ परवाना, आणि मग किमान १४ दिवस थांबून हातातली परीक्षा. त्यात आधी गाडीभोवती फिरून एकेक भाग हात लावून मोठ्यानं सांगायचा: हा पट्टा, फाटलेला नाही, हा नट, सैल नाही. मग गाडी मागं घेणं. मग रस्ता. घोकायचं ते फरशी पुसताना, वर्ग झाडताना घोकायचं. काही शाळा शिकण्याच्या तासांचाही पगार देतात, काही देत नाहीत. सारं घोडं तिथंच अडतं. अक्कल असून भागत नाही, शिकण्याचे तास कुणाच्या खिशातून जातात ते बघावं लागतं.

करोनानंतर बसवाले इतके कमी पडले की २०२१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यानं मुलं आणायला सैनिक लावले. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना मुभा दिली की शाळेच्या बससाठी बॉनेटखालची परीक्षा तात्पुरती माफ करा. मला ते पटलं नाही. जिला इंजिनाचा पट्टा ओळखता येतो तिला गॅरेजवाला फसवू शकत नाही.

आपल्याकडं एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. एसटी चालवणारी पहिली बाई म्हणून अर्चना आत्राम यांचं नाव पेपरात आलं ते जून २०२३ मध्ये. मधली पंचाहत्तर वर्षं मोजून बघा. या पंचाहत्तर वर्षांत बायकांनी ऑफिसं झाडली, शाळा झाडल्या, स्टँडही झाडले.

आपल्या कायद्यात बाईला वेगळी अट नाही. प्रवासी गाडीसाठी वय वीस पूर्ण हवं, आणि हेवीचं शिकाऊ लायसन काढायच्या आधी हलक्या मोटारीचं लायसन वर्षभर जवळ हवं. म्हणजे शाळेतल्या मावशीनं आज मनात आणलं तरी वर्षाची वाट आहे, आणि त्या वर्षाची मोटार-स्कूलची फी आहे. गटाच्या बैठकीत शिलाई मशीनला कर्ज मागतो तसं लायसनला कुणी मागितलंय का? आमच्या गटात तरी अजून नाही. मी विचारलं तेव्हा सगळ्या हसल्या. मग एक म्हणाली, "ट्रॅक्टर येतो मला." हसणं तिथं थांबलं.

त्या पिवळ्या बसचं एक सांगायचं राहिलं. शेवटचं मूल उतरलं की ड्रायव्हरनं उठून पार मागच्या सीटपर्यंत चालत जायचं, एकेका सीटखाली वाकून बघायचं, कुणी झोपलेलं तर राहिलं नाही ना. पुष्कळ बसमध्ये मागं बटण असतं. ते दाबल्याशिवाय भोंगा थांबत नाही. मग परत पुढं येताना तीच बाई बस झाडून घेते.