जुनी फायबर बोट : डागडुजी की निरोप?

पनवेलच्या खाडीकाठी पडून राहिलेली जुनी फायबरची मोटरबोट स्वस्तात मिळत असेल, तर लक्ष प्रथम उडालेल्या रंगाकडे आणि इंजिनाकडे जाते. वास्तविक निर्णय अवलंबून असतो तो आतल्या लाकडावर.

काचतंतू व पॉलिएस्टर रेझिनचे कवच कुजत नाही. मात्र जुन्या बांधणीत तळाचे आधार आणि इंजिन टांगण्याची मागील फळी बहुधा फायबरने मढवलेल्या प्लायवूडची असते. स्क्रूच्या छिद्रातून पाणी शिरले की ते लाकूड बाहेरून न दिसता कुजत जाते. त्यामुळे सर्वत्र हातोडीने हलके ठोकून पाहावे. बद्द आवाज आला, तर तेथे बारीक छिद्र पाडावे. काळपट, ओलसर भुसा निघाल्यास लाकूड गेले असे समजावे. इंजिन हलवताना फळी लवते का, तेही तपासावे. भर खाडीत ती निखळली, तर जिवावर बेतते.

केवळ फळी बदलायची असेल, तर डागडुजी परवडू शकते. तळाचे आधारही गेले असल्यास अशी बोट फुकटही घेऊ नये. मोडीतही तिला मोल नाही. हे रेझिन वितळवून पुन्हा वापरता येत नाही आणि जाळल्यास विषारी धूर होतो.

रेझिनचे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत जोड कच्चा राहतो. नोंदणीबाबत महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आधीच विचारणा करावी. १९१७ च्या कायद्याची जागा अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ ने घेतली आहे.