जाधव : एक आडनांव, अनेक वाटा

आडनांवावरून कुळ ओळखतां येतें. निष्ठा ओळखतां येत नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजाचे जाधवराव आपली परंपरा देवगिरीच्या यादवांशीं जोडतात. ‘य’चा ‘ज’ होऊन ‘यादवा’चा ‘जाधव’ झाला. लखुजी जाधवरावांनीं निजामशाहीची चाकरी केली, मोगलांचीही केली. निजामशाहींत परतल्यावर १६२९ मध्यें दौलताबादेस त्यांचा दग्यानें वध झाला. त्यांच्याच कन्या जिजाबाई शिवाजी महाराजांच्या मातोश्री. पुढें याच कुळांतील धनाजी मराठ्यांचे सेनापति झाले. त्यांचे पुत्र चंद्रसेन मात्र शाहू महाराजांना सोडून निजामाच्या पदरीं गेले. सिंदखेडास लखुजींची भव्य समाधि आजही उभी आहे. तिच्यापुढें कुळाचा अभिमान मिरविणारानें यांपैकीं कोणाचा वारसा आपला, हें आधीं ठरवावें.