देवाचं भय आणि रामोशाचा माग
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, तुकाराम महाराजांची पालखी पुणं सोडून सोलापूर रस्त्याला लागली की तिचा पुढला मुक्काम आमच्या लोणी काळभोरला असतो. त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. एक वर्षी दर्शनाच्या रांगेत आमच्या शेजारच्या काकूंच्या गळ्यातली पोत गेली. पादुकांवर डोकं टेकवून उठल्या, हात गळ्याकडे गेला, तर गळा मोकळा. लाऊडस्पीकरवरून 'दागिने सांभाळा' म्हणून पोलीस सकाळपासून ओरडतच होते.

रात्री ओट्यावर चर्चा झाली आणि आप्पांनी निकाल देऊन टाकला : "लोकांना देवाचं भय राहिलं नाही, दुसरं काय!" आप्पा वयानं मोठे, मी गप्प बसलो. पण माझा सगळा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेला, त्यामुळे मनात आलं, देवाचं भय भरपूर होतं त्या काळात या रस्त्यावर काय परिस्थिती होती?

हाच रस्ता धरून पंढरपूरला जाऊ. साल 1815, आषाढीच्या यात्रेचे दिवस. दुसरे बाजीराव पेशवे स्वतः पंढरपुरात होते. व्रतं, दानधर्म, तीर्थयात्रा यांत बाजीरावांचा हात धरणारा कोणी नव्हता. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन वाटाघाटींसाठी आले होते, तेही पेशव्यांबरोबर तिथे होते. 20 जुलैच्या रात्री विठ्ठलाचं दर्शन घेऊन शास्त्रीबुवा बिऱ्हाडी परतत असताना वाटेत मारेकऱ्यांनी त्यांना तोडलं. संशय पेशव्यांचे विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे यांच्यावर आला. त्यांचा हात खरोखर किती होता, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. वाद नाही तो एवढ्यावरच, की खून चंद्रभागेच्या काठी, यात्रेत, दर्शनानंतर झाला.

एवढं लांब तरी कशाला जायचं? लोणीपासून थोड्याच अंतरावर थेऊर आहे. तिथे चिंतामणीच्या सान्निध्यात 18 नोव्हेंबर 1772 रोजी थोरल्या माधवरावांनी देह ठेवला. त्यानंतर वर्षाच्या आत, 30 ऑगस्ट 1773 रोजी, त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव शनिवारवाड्यात मारले गेले. वय अवघं अठरा. दिवस गणेशोत्सवाचे. आत गणपती बसलेला आणि गारदी तलवारी उपसून आत शिरलेले. 'ध' चा 'मा' आनंदीबाईंनी केला की नाही, ते बाजूला ठेवू; मला ती गोष्ट पुराव्यापेक्षा लोकांच्या आवडीवरच जास्त उभी राहिलेली वाटते. गारदी आले ते थकलेल्या पगाराची ओरड करत.

तेव्हा भाविकांचा काळ म्हणजे निर्वेध काळ, हे काही खरं नाही. पण आप्पांचं म्हणणं अगदीच पोकळ आहे, असंही मी म्हणणार नाही. मराठेशाहीत न्यायाचं बरंचसं काम श्रद्धेवर चालत असे. वतनाचा तंटा पडला, कागद नाही, साक्षीदार फुटलेले, तर मामला दिव्यावर जाई. रवा दिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. मग हाताला पिशवी बांधून वर मोहोर करायची आणि काही दिवसांनी ती चारचौघांसमोर उघडून हात तपासायचा. साधे तंटे बेलभंडार उचलून मिटत. आज हे ऐकून अंगावर काटा येतो, आणि तो यायलाच हवा. तरीही भंडार उचलायची वेळ आली की खोट्या माणसाचा हात अडत असे, हे खोटं नाही.

मात्र हे दिव्य माणूस एकटा, अंधारात करत नसे. समोर गोतसभा बसलेली असे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावची शहाणी माणसं. ज्यांच्याबरोबर उद्या विहिरीवर जायचं, ज्यांच्या घरी मुलगी द्यायची, तीच ही माणसं. हात अडत होता तो खंडोबाच्या भयानं की या डोळ्यांच्या भयानं, हे वेगळं काढणं अवघड आहे. मला विचाराल तर दोन्ही होतं, आणि पारडं डोळ्यांकडे झुकलेलं होतं.

चोरीच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट दिसतं. गावाची राखण रामोशाकडे असे. चोरी झाली की रामोशी माग काढत निघे : चिखलातलं पाऊल, मोडलेली काडी, बैलाचा खूर. माग शिवेपर्यंत गेला की पुढल्या गावच्या रखवालदाराला बोलावून त्याच्या हवाली करायचा. मग तो पुढे काढणार. ज्या गावात माग हरवला, त्या गावावर भरपाईची जबाबदारी. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टननं जिंकलेल्या मुलुखाचा जो अहवाल लिहिला, त्यात त्यानं या गावपोलिसाची दखल घेतली आहे. यात उपदेश कुठेच नाही. रामोशाला गावाकडून हक्काचं धान्य आणि मान मिळे, आणि त्या बदल्यात चोरी त्याच्या अंगावर येई.

आता या व्यवस्थेचं पुढे काय झालं ते पाहा. आमच्या दक्षिणेला डोंगर ओलांडला की पुरंदर. त्या किल्ल्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या रामोशांकडे होती. दुसऱ्या बाजीरावांच्या काळातच ती काढून घ्यायला सुरुवात झाली, आणि 1818 नंतर कंपनी सरकारनं किल्ले मोकळे केले, जुने हक्क छाटले. भिवडीचा उमाजी नाईक या घरातलाच. त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी शस्त्र उचललं. सरकारी कागदांत तो दरोडेखोर झाला. आज आपण त्याला आद्यक्रांतिकारक म्हणतो. नाव कोणतंही द्या, मला विचारायचंय ते एवढंच : या माणसांची श्रद्धा कमी झाली होती का? मुळीच नाही. रामोशांचं दैवत जेजुरीचा खंडोबा. हक्क होते तेव्हाही कपाळाला त्याचाच भंडारा होता, हक्क गेल्यावरही त्याचाच. देव तोच, माणसंही तीच. बदलली होती ती भाकरी.

गंमत म्हणजे इंग्रज सरकारला हे कळलं. या लोकांना आवरणं जमेना, तेव्हा 1827 च्या सुमारास सरकारनं त्यांना माफी दिली, डोंगरी पोलीस म्हणून पगारावर घेतलं, जमिनी दिल्या. म्हणजे ज्या कामावरून काढलं होतं, जवळजवळ त्याच कामावर परत ठेवलं! तो समेट टिकला नाही. उमाजीनं पुन्हा उठाव केला, 1831 मध्ये तो पकडला गेला आणि 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात त्याला फाशी दिली. पण कीर्तनकार पाठवून दरोडे थांबवावेत, असं त्या धूर्त कारभाऱ्यांच्याही मनात आलं नाही.

उलट बाजूनंही एक पाहू. आगरकर देव न मानणारे. पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. पण त्यांच्या चारित्र्यावर विरोधकालाही बोट ठेवता आलं नाही. हे झालं एका माणसाचं. देशांचं म्हणाल तर डेन्मार्क-नॉर्वेमध्ये रविवारी चर्चमध्ये जाणारे थोडे आणि खूनही थोडे. ब्राझील-मेक्सिकोत देवभक्ती उदंड आणि खूनही उदंड. यावरून भक्तीनं खून वाढतात असं कोणी म्हणू लागेल, तर त्याचंही आप्पांसारखंच चुकेल. हिशेब दुसरीकडेच आहे.

आमच्या लोणीचंच घ्या. तेल कंपन्यांचे डेपो आले, टँकरच्या रांगा आल्या, कॉलेजं आली, ऊसाच्या वावरात इमारती उभ्या राहिल्या. पूर्वी गावात नवा माणूस दिसला की तिसऱ्या घराला माहीत होई. आता माझ्या समोरच्या खोलीत तीन वर्षं राहणाऱ्या मुलाचं आडनाव मला ठाऊक नाही. आमचं पोलीस ठाणं 2021 मध्ये ग्रामीणमधून पुणे शहर आयुक्तालयात गेलं. देवळं मात्र कमी झाली नाहीत. दर चौकात एक नवं आहे, आणि आरतीचा आवाजही वाढलाच आहे.

हे सगळं मी एकदा आप्पांना सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत म्हणाले, "मास्तर, पण पोत नेणारा बाहेरचाच होता ना?" आता तो कुठला होता, हे कसं सांगणार? माग काढणारं कोणी राहिलं नव्हतं आणि पोतही मिळाली नाही.

पुढच्या आषाढात काकू पुन्हा रांगेत होत्या. गळ्यात तुळशीची माळ, दागिने घरी. तालमीतली पोरं रांगेच्या कडेनं उभी केली होती आणि त्यांच्यात, काठी टेकत, आप्पाही उभे होते, येणाऱ्या-जाणाऱ्याला "कुठल्या दिंडीतले तुम्ही?" असं विचारत.