वारांचा क्रम (विक्री अंदाज आलेख)

विक्री अंदाज आलेखातील वारांचा क्रम म्हणजे दैनंदिन विक्रीच्या नोंदी किंवा त्यांवरून काढलेला पुढील काळाचा अंदाज वारनिहाय दाखवताना आडव्या अक्षावर सात वारांची केलेली मांडणी. पॉवर बीआयसारख्या व्यवसाय विश्लेषणाच्या आज्ञावली वाराचे नाव हा साधा मजकूर समजतात. त्यामुळे ही नावे वर्णानुक्रमे किंवा विक्रीच्या उतरत्या आकड्यांनुसार लागतात आणि आठवड्याचा नैसर्गिक क्रम वापरकर्त्याला स्वतः ठरवून द्यावा लागतो.

वर्णानुक्रमाची अडचण

मराठी नावे वर्णानुक्रमे लावल्यास गुरुवार, बुधवार, मंगळवार, रविवार, शनिवार, शुक्रवार, सोमवार असा क्रम येतो. इंग्रजी नावांचा क्रम फ्रायडेपासून सुरू होऊन वेन्सडेला संपतो. दोन्हींत आठवड्याचा नैसर्गिक क्रम मोडतो. अशा आलेखावरील चढउतार खरे असले तरी त्यांतून आठवड्याची लय वाचता येत नाही. रेषालेखात हा दोष अधिक घातक ठरतो, कारण बुधवार व मंगळवार यांना जोडणारी रेषा काळ उलटा वाहत असल्याचे दाखवते.

वारांचा मूळ क्रम वर्णमालेवर नव्हे, तर होरांच्या गणितावर आधारलेला आहे. शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र या क्रमाने प्रत्येक होरेला एक अधिपती मानतात. दिवसाच्या २४ होरांना ७ ने भागल्यास ३ उरतात, म्हणून पुढील दिवसाचा पहिला अधिपती या क्रमातील चौथा ग्रह असतो. आर्यभटीयाच्या कालक्रियापादात हा नियम आढळतो. संगणकाला यातील काहीच ठाऊक नसल्याने क्रम अंकांच्या रूपात पुरवावा लागतो.

आठवड्याचा आरंभ

आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार सोमवार हा आठवड्याचा पहिला व रविवार सातवा दिवस आहे. महाराष्ट्रात घरोघरी भिंतीवर असणाऱ्या दिनदर्शिकांत मात्र सहसा रविवार पहिला असतो. पंचांगातील वार सूर्योदयापासून सुरू होतो, तर आज्ञावली मध्यरात्री दिवस बदलते. पहाटे दूध किंवा भाजीपाल्याचा व्यवहार करणाऱ्यांच्या नोंदींत हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

क्रम बदलण्याची पद्धत

पॉवर बीआयमध्ये दिनांकांच्या तक्त्यात वाराच्या नावाचा एक व वाराच्या क्रमांकाचा दुसरा असे दोन स्तंभ ठेवतात. क्रमांकासाठी ‘वीकडे’ हे फल वापरतात. त्याला दुसरे मूल्य १ दिल्यास रविवारला १, तर २ दिल्यास सोमवारला १ हा क्रमांक मिळतो. त्यानंतर नावाचा स्तंभ निवडून ‘सॉर्ट बाय कॉलम’ या सोयीने तो क्रमांकाच्या स्तंभाशी जोडतात आणि आलेखाच्या मेनूतून मांडणी वारानुसार, चढत्या क्रमाने ठेवतात. शेवटची पायरी अनेकदा राहून जाते व बदल झालाच नाही असे वाटते.

एका नावाला एकच क्रमांक असावा लागतो; एका ठिकाणी सोमवार १ व दुसरीकडे २ असल्यास आज्ञावली क्रम नाकारते. क्रमांक वाराच्या नावावरून काढल्यास चक्रीय अवलंबनाची त्रुटी येते, म्हणून तो नेहमी दिनांकावरून काढावा. ‘गुरुवार’ व ‘बृहस्पतिवार’ अशी दोन्ही नावे नोंदींत असतील तर आठ स्तंभ दिसतात. टॅब्लोमध्ये खऱ्या दिनांकावरून काढलेले वार आपोआप क्रमाने लागतात व आठवड्याचा पहिला दिवस निवडता येतो. एक्सेलच्या इंग्रजी आवृत्तीत मराठी वारांची यादी स्वतंत्रपणे भरावी लागते.

अंदाजाशी संबंध

क्रम बदलल्याने अंदाजाचे आकडे बदलत नाहीत; बदलते ते वाचन. पॉवर बीआयमधील अंदाजाची सोय सलग दिनांकाच्या अक्षावर चालते, वारांच्या नावांवर नाही. म्हणून अंदाज दिनांकानुसार काढून नंतर वारनिहाय मांडणे योग्य. वारनिहाय बेरजेपेक्षा सरासरी घ्यावी, कारण ३० दिवसांच्या महिन्यात दोन वार पाच वेळा येतात व त्यांची बेरीज उगाच फुगते. एखाद्या दुकानाची रोजची सरासरी विक्री ४,००० रुपये व रविवारची ७,००० रुपये असेल, तर रविवारचा वारनिर्देशांक १.७५ होतो.

भोर व वेल्हे परिसर

पुणे जिल्ह्याच्या भोर व वेल्हे या डोंगराळ तालुक्यांत विक्रीला दोन वेगळ्या लयी असतात. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजुरी दिली.) राजगड व तोरणा हे दोन्ही किल्ले वेल्हे तालुक्यात असून पायथ्याच्या गावांतील खानावळी व दुकानांकडे शनिवार-रविवारी पर्यटकांची वर्दळ असते. दुसरी लय आठवडे बाजाराची; तिचा उंचवटा ज्या त्या गावच्या बाजाराच्या वारी येतो.

रविवार पहिला ठेवल्यास शनिवार-रविवारचा एकच उंचवटा आलेखाच्या दोन टोकांना फाटतो आणि पाहणाऱ्याला दोन किरकोळ वाढी दिसतात. सोमवार पहिला ठेवल्यास तो अखंड राहतो, म्हणून गडाच्या पायथ्याशी हाच क्रम सोयीचा. बाजारावर चालणाऱ्या धान्याच्या दुकानाला मात्र बाजाराचा वार मधोमध ठेवणे उपयोगी पडते. बाजार मंगळवारी असल्यास आरंभ शनिवारपासून करावा. मग बाजारापूर्वीची भरणी व नंतरची मंदी एका नजरेत येते. त्यासाठी सोमवारपासूनच्या क्रमांकात २ मिळवून ७ ने भागल्यावर उरणारी बाकी क्रमांक म्हणून वापरतात. शनिवार १, मंगळवार ४ व शुक्रवार ० येतो. शुक्रवारला ७ द्यावा लागतो, अन्यथा तो सर्वांत आधी लागतो.

पावसाळ्यात भोर-महाड मार्गावरील वरंध घाट अनेकदा वाहतुकीसाठी बंद ठेवला जातो. या मार्गावरील दुकानांनी पावसाळी व इतर महिन्यांच्या वारसरासऱ्या वेगळ्या काढाव्यात. त्या एकत्र केल्यास क्रम अचूक असूनही जुलैतल्या रविवारसाठी जानेवारीइतका माल भरला जातो.